मंडईला नेलेलं पाखरू

पाखरं मी मागितली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. ती नवऱ्याने आणली. गोंदियाच्या बाजारातून, पिंजऱ्यासकट जोडी: करडं अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. कॉकटील म्हणतात त्यांना. नवरा राईस मिलमध्ये कामाला. दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकतो, तेव्हा घरी आल्यावर कानाला काहीतरी गोड हवं म्हणे. माझं बोलणं त्याच्या कानाला कसं लागत होतं, कोण जाणे. वर "पोरीला करमेल" हेही होतंच. आमची पोरगी चौथीत. ती दोन दिवस पिंजऱ्यापुढे बसली आणि मग मोबाईलकडे वळली. दाणे, पाणी, पिंजऱ्याखालचा कागद बदलणं हे कुणाच्या गळ्यात पडलं ते सांगायला नको.

आमचं घर मुर्रीत. दारासमोरचा रस्ता सरळ गोंदियाला जातो आणि मागच्या दारातून धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, दिसतात. मी घरीच ब्लाउज शिवते. मशीन खिडकीशी आहे, त्यामुळे कोण गोंदियाला चाललं, कोण पिशव्या भरून परत आलं, सगळं मला बसल्या जागी दिसतं. मी स्वतः कुठे जायचं म्हटलं की मात्र घरात काहीतरी निघतंच.

पावसाळा सरता सरता मादीने पिंजऱ्यात बांधलेल्या मडक्यात अंडी घातली. त्यातून दोन पिल्लं निघाली. गुलाबी, आंधळी, अंगावर विरळ पिवळी लव. सासूबाईंनी मडक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काय वं, उंदराची पिल्लं तं नाई?" पण नर-मादी दोघं मिळून त्यांना भरवत होती, तोवर मला काही त्रास नव्हता. मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आमच्या गल्लीत असे काही सुतळी बॉम्ब फुटले की मादी मडक्यातून जी उडाली ती सळ्यांवर आपटली. त्यानंतर तिने मडक्यात पाऊल ठेवलं नाही. नराचंही तेच. पिल्लं आत चिंचिं करत होती आणि आईबाप वरच्या दांडीवर पाठ फिरवून बसले होते. मला असा संताप आला! बॉम्ब काय आम्ही ऐकले नव्हते? आम्ही टाकली का पोरं?

पाखरंवाल्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "दीदी, अब हाथ से खिलाना पड़ेगा. टाइम पे. ठंडा दिया तो मरेगा, ज्यादा दिया तो मरेगा."

"और कम दिया तो?"

"तो भी मरेगा."

नवऱ्याने पावडरचा डबा आणि सिरिंज आणून माझ्यापुढे ठेवली. "तुझा हात हलका आहे," म्हणाला. या घरात मला कुठलंही काम चिकटवायचं असलं की आधी माझा हात हलका होतो.

पावडर गरम पाण्यात कालवायची, थेंब मनगटावर टाकून बघायचा, पिल्लाची मान दोन बोटांत धरून चोचीच्या कडेने थोडं थोडं सोडायचं. गळ्याखाली पिशवी असते, ती मऊ फुगली की थांबायचं. ती रिकामी झाल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही. दर तीन तासांनी हे असं. उबेसाठी बुटाचं खोकं आणि त्यावर जुना पिवळा बल्ब. हल्लीचे पांढरे बल्ब उजेड देतात, ऊब देत नाहीत. तो जुना बल्ब मी अख्ख्या मुर्रीत विचारत फिरले. तेच माझं शेवटचं फिरणं. त्यानंतर घराच्या खुंट्याला बांधल्यासारखी झाले. शेजारणीकडे हळदीकुंकू आहे, घड्याळ बघ. बाजारात मेथी आली आहे, घड्याळ बघ. ब्लाउजची बाही अर्धी जोडलेली तशीच टाकायची आणि उठायचं. साडीला, केसांना, उशीला त्या पावडरचा आंबूस वास. मी माझ्या पोटच्या पोरीला इतकं घड्याळ लावून पाजलं नव्हतं हो!

आणि खरं सांगायचं तर जीवही लागत होता. हाच तर घोटाळा. माझ्या पावलांचा आवाज आला की दोघं माना वर करून डोलायची. पंखांवर सुयांसारखे कोंब फुटले, डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांनी जगात पहिल्यांदा पाहिलं ते माझं तोंड. थोरलं दांडगट होतं, धाकटं जरा मागे राहायचं. चिडचिड करत मी सिरिंज धुवायची आणि ती धुता धुता त्यांच्याशीच बोलायची.

अशात बाबांचा फोन आला.

माझं माहेर अर्जुनी मोरगावच्या पुढे, तलावाच्या काठचं गाव. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गाव आपला दिवस ठरवतं. त्या दिवशी जिलेबी, सिंगाडे, पाळणे, बांगड्यांची दुकानं, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. नाही आली तर गाव विचारतं, काऊन नाही आली म्हणून.

दंडार म्हणजे गावच्या माणसांनी मोकळ्या मैदानात ढोलकीवर केलेला नाच आणि सोंगं. बाईचं काम पुरुषच करतात. माझे बाबा म्हातारीचं सोंग घ्यायचे. ती म्हातारी लेकीच्या गावाला निघते. डोक्यावर गाठोडं घेऊन दारापर्यंत येते, की मागून बकरी ओरडते. परत फिरते. पुन्हा निघते, तर चुलीवर दूध उतू जातं. पुन्हा परत. मग म्हातारा खोकतो, तंबाखू मागतो. पुन्हा परत. दर खेपेला ढोलकी चढत जाते, लोक हसून लोळतात. शेवटी म्हातारी लुगड्याचा काचा मारते, "जा मेल्या!" म्हणून जी सुटते ती माणसांमधून वाट काढत, नाचत, थेट मंडईच्या दुकानांपर्यंत. मागे ढोलकीवाला धावतो आणि त्याच्यामागे गावची सगळी पोरं. लहानपणी मी त्या पोरांमध्ये सगळ्यात पुढे असायची.

लग्न झाल्यापासून मी ती म्हातारी पाहिली नव्हती. एकदाही नाही. पहिल्या वर्षी धानकापणी अंगावर होती. मग मी गरोदर. मग पोर अंगावर. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग म्हैस व्यायली. मला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं, मारझोड नव्हती, साधं 'नाही' सुद्धा कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडले असते. नवरा नेहमी गोड आवाजात म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." आता या वाक्याशी भांडायचं कसं?

फोनवर बाबा म्हणाले, "बाई, यंदा शेवटचं. गुडघा ऐकत नाई. पुढं पोट्टे करतीन. तू येतं का?"

मी म्हटलं, "येतो बाबा. यंदा काही झालं तरी येतो."

रात्री जेवताना मी घरात सांगितलं. नवऱ्याने घास थांबवला. "पण पिल्लांचं कसं?"

"तुम्हाला दोन हात आहेत ना?"

"मला भीती वाटते. सिरिंज चुकीची गेली तर?"

सासूबाई मध्ये पडल्या. "जाऊ दे ना रे तिले. मी पाहीन पाखरायले. एवढी पोरं वाढवली, मले दोन पाखरं भारी हायेत का?"

मला त्यांचा इतका आधार वाटला की मी दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं शिकवलं. पाणी किती गरम, पिशवी कशी चाचपायची, किती दिलं की थांबायचं. त्या "हाव, हाव" करत राहिल्या. मग म्हटलं, मंडईआधी एकदा करून बघू. पिल्लांना पोटभर भरवलं, सासूबाईंना बजावलं की मी येईपर्यंत काही देऊ नका, आणि पावडरचा नवा डबा आणायला गोंदियाला गेले. बाजारात पाय ठेवल्यावर असं वाटलं की जत्रेत आले. रस्त्यावर उभं राहून आरामात समोसा खाल्ला. कुणी वाट बघत नव्हतं, कुणी माना डोलवत नव्हतं.

घरी आले तर दोन्ही पिल्लांचे गळे लिंबाएवढे फुगलेले.

झालं होतं असं, की माणूस दिसलं की ही पिल्लं ओरडतात. पोट भरलेलं असलं तरी ओरडतात. आणि आमच्या घरात कुणी भुकेने ओरडतंय असं वाटलं की कुणाच्याने बसवत नाही. दारात आलेल्या माणसाने "जेवून आलो" म्हटलं तरी ताट वाढणारं घर हे. सासूबाईंनी तांदळाची पेज कापसाच्या बोळ्याने पाजली. पोरगी शाळेतून आली, तिला कळवळा आला, तिने दुधात बिस्किट कुस्करून दिलं. नवरा जेवायला आला, त्याला वाटलं आईच्या लक्षातून राहून गेलं असेल, त्याने धीर करून सिरिंजभर पावडर दिली. कुणी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांनी आपापल्या परीने पुण्य केलं.

मी गळा चोळला, कोमट पाणी दिलं, पशूंच्या दवाखान्यात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडे गायीम्हशी येतात. धाकटं मागे राहणारं होतं, म्हणून त्याच्या वाट्याला कमी आलं आणि ते वाचलं. थोरलं सगळ्यात जास्त ओरडायचं, सगळ्यात जास्त तेच जेवलं. सकाळी ते खोक्यात पालथं पडलेलं होतं. मी घर डोक्यावर घेतलं. इतकं बोलले, इतकं बोलले की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. सासूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. "माह्या दारातून कोनी उपाशी नाई गेलं वं," एवढंच म्हणत होत्या. त्या खोटं बोलत नव्हत्या आणि मला त्यांना माफही करता येत नव्हतं.

नवरा हळूच म्हणाला, "मग आता तुझं जाणं..."

"जाणार! याला घेऊन जाणार! तुम्ही बसा इथे पेज पीत."

मंडईच्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाले. बांबूच्या टोपलीत जुनं स्वेटर, त्यात धाकटं, वर पातळ ओढणी. पिशवीत पावडर, सिरिंज आणि थर्मासमध्ये गरम पाणी. तोवर त्याला पिसं आली होती, तुराही उभा राहू लागला होता, पण दाणा टिपायचं नाव नाही. गाडीत शेजारी बसलेली बाई म्हणाली, "कितना प्यारा है, आप इसकी मम्मी हो गई." मी हसले. खिडकीबाहेर कापलेल्या धानाचे भारे पडले होते, तलाव चमकत होते, आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मुर्री मागे पडली होती. मी टोपली मांडीवरून खाली ठेवायलाही विसरले होते, हे अर्जुनीला उतरताना पाय आखडल्यावर कळलं.

माय दारातच उभी होती. टोपली बघून म्हणाली, "हे काय घेऊन फिरून राहिली?" बाबा आरशापुढे बसून तोंडाला पिवळा रंग लावत होते. माझ्याकडे वळले तर अर्धं तोंड म्हातारीचं, अर्धं बाबांचं. "आली ना," म्हणाले. "पुढं बस. मले दिसली पायजे."

मी हिशेब नीट केला होता. दंडार दुपारी सुरू होणार, म्हणून त्याआधी धाकट्याला भरवलं. आता संध्याकाळपर्यंत मोकळी. पण मंडई कधी वेळेवर झाली आहे? आधी पाहुणे आले नाहीत, मग आलेल्या पाहुण्यांची भाषणं, मग माईक बिघडला. शेवटी ढोलकी वाजली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. गण झाला, टिपऱ्यांचा नाच झाला, दोन सोंगं झाली. मी पुढेच बसले होते, मांडीवर टोपली. आणि बाबा आले. लुगडं, पांढरे केस, डोक्यावर गाठोडं, कमरेत वाक. नुसते उभे राहिले तरी लोक हसले. त्यांनी मला पाहिलं. मग पहिलं पाऊल टाकलं.

तेवढ्यात धाकट्याने तोंड उघडलं.

एवढ्याशा जिवात एवढा आवाज असतो, हे ज्याने ऐकलं नाही त्याला पटणार नाही. ढोलकीच्या वर जात होता. मी बोट दिलं, ओढणी घट्ट केली, स्वेटर गुंडाळलं, काही नाही. मागून कुणी ओरडलं, "ओ बाई, ते पाखरू न्या ना बाहेर! म्हातारीचं ऐकू नाई येऊन राहिलं!" बाबांचं वाक्य लोकांना कळलं नाही, हशा यायचा तिथे आला नाही. मी उठले. लोकांचे पाय तुडवत बाहेर आले. थर्मास उघडला तर पाणी गार. मग चहाच्या टपरीवर. तिथे मंडईची गर्दी, दहा जणांचे हात पुढे. "भाऊ, जरासं गरम पाणी द्या," म्हणत मी उभी. मागे ढोलकी चढत होती. बकरी झाली, मला हशावरून कळलं. दूध उतू गेलं. मी मनगटावर थेंब टाकला, फार गरम. फुंकलं. पुन्हा टाकला. म्हातारा खोकला. "पी ना रे मेल्या, पी लवकर!" पण घाई केली तर ठसका लागून मरतं, आणि थोरल्याला मी आपल्या हाताने मागच्या अंगणात पुरलं होतं. मी घाई केली नाही. सिरिंजचा शेवटचा थेंब गेला तेव्हा मैदानातून शिट्ट्या आणि टाळ्या आल्या, पोरांचा गलका उठला, आणि तो गलका दुसऱ्याच बाजूने, बांगड्यांच्या दुकानांकडे धावत गेला. मी टोपली उचलून पळाले. माणसांच्या पाठी दिसल्या फक्त.

दिवेलागणीला बाबा घरी आले. लोकांनी हार घातला होता. अंगावर अजून लुगडं, रंग घामाने ओघळलेला. ओट्यावर टेकले आणि माझ्याकडे पाहिलं. "पाहिलं ना बाई?"

खोटं बोलता आलं असतं. माय डोळ्याने खुणावतही होती. पण मी किंचाळलेच. "नाही पाहिलं! काहीच नाही पाहिलं! या मेल्या पाखरापायी टपरीवर उभी होते. इतकी वर्षं म्हशीपायी, कापणीपायी, ऑपरेशनपायी, आणि आता आले तर याच्यापायी! मला कुठेच जाता येत नाही बाबा. इथे येऊनही मी तिथेच आहे."

असं रडू फुटलं की माझी मलाच लाज वाटली.

बाबांनी लुगड्याचा पदर सावरला. मग म्हणाले, "रडून काऊन राहिली वं? म्हातारी अजून लुगड्यातच हाये." त्यांनी मायला हाक मारली. "अवं, परात घे. ढोलकीवाला नाई तं नाई."

माय परात घेऊन बसली आणि बोटांनी ठेका धरला. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, गाठोडं मैदानावरच राहिलं होतं. त्यांनी माझी टोपली उचलली, धाकट्यासकट, आणि डोक्यावर घेतली. कमरेत वाकले. आमच्या अंगणात, एकट्या माझ्यासाठी, म्हातारी लेकीच्या गावाला निघाली. अंगणाच्या दारापर्यंत गेली, बकरी ओरडली, परत आली. मी रडता रडता हसायला लागले. दूध उतू गेलं, परत आली. माय हसत होती, परात वाजवत होती. म्हातारा खोकला, परत आली. ठेका चढला. मी पुढचं पाऊल ओळखत होते, अंग पुढे झुकवून बसले होते. आता काचा मारणार, आता "जा मेल्या" म्हणणार, आता सुटणार.

बाबांनी काचा मारला. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. आणि गुडघा तिथेच अडकला. त्यांनी दाराची चौकट धरली. परात थांबली. त्यांनी टोपली सांभाळून खाली ठेवली आणि हळूहळू उंबऱ्यावरच बसले. एक पाय आत, एक बाहेर.

"बाकीचं पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

हेच वाक्य मी मुर्रीत दरवर्षी ऐकलं होतं, दरवर्षी चिडले होते. आता चिडता येईना. "हाव बाबा," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी येतो. पक्कं येतो." त्यांनी मान हलवली. दोघांनाही ठाऊक होतं, पुढच्या वर्षी तो गुडघा नसणार आणि माझ्या घरात काहीतरी असणार.

टोपलीतून आवाज सुरू झाला.

"अवं," माय म्हणाली, "भूक लागली वाटते त्याले."

मी डोळे पुसले, उठले आणि पाणी गरम करायला ठेवलं.